पन्नास हजारांनी हुकलेलं महानगर

७४व्या घटनादुरुस्तीने महानगर क्षेत्राची व्याख्या केली आणि किमान लोकसंख्या ठरवली दहा लाख. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातली सहा नागरी क्षेत्रं या आकड्याच्या वर होती: मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, वसई-विरार आणि औरंगाबाद. सोलापूर ९,५१,५५८ वर थांबलं. १९६४पासून तिथे महानगरपालिका आहे, महापौर आहे, बोलण्या-लिहिण्यात सर्रास ‘महानगर’ म्हटलं जातं. पण घटनेच्या व्याख्येने जेमतेम पन्नास हजार माणसं कमी पडली.

हा आकडा मला रंजक वाटतो तो वेगळ्याच कारणासाठी. अक्कलकोट रस्त्याने शहराबाहेर पडलं की कुंभारीच्या माळावर एका साच्यातून काढल्यासारख्या घरांच्या रांगा लागतात. महिला विडी कामगारांसाठी उभी राहिलेली ही कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत, दहा हजार घरांची. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकाराने झालेल्या या वसाहतीचं लोकार्पण २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते झालं. घरटी पाच माणसं धरली तर दहा हजार घरांची माणसं होतात पन्नास हजार. हा नुसता तोंडी हिशेब आहे, सगळी घरं तेव्हा भरलेली होती असं कोणी म्हणणार नाही. पण कुंभारी पडतं दक्षिण सोलापूर तालुक्यात, महापालिकेच्या हद्दीपलीकडे. या बायका विड्या वळतात त्या शहरातल्या कारखान्यांसाठी, त्यांची नातीगोती शहराच्या पेठांत, लग्नकार्यं शहरातल्या कार्यालयांत, आजारपण शहराच्या सरकारी दवाखान्यात. आणि शिरगणतीत मात्र त्या गावकरी. पुढे त्याच परिसरात तीस हजार घरांचं रे नगर आलं. त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते दिल्या गेल्या. म्हणजे सोलापूरचा एक मोठा कष्टकरी थर हळूहळू शहराच्या आकड्यातून वजा होत चालला आहे, आणि शहराचं पोट मात्र त्याच थराच्या हातांवर भरतं.

शहराची लोकसंख्या कशी बनली आहे, असा प्रश्न आला की आपण टक्केवारी मांडायला बसतो. इतके मराठी, इतके तेलुगू, इतके कानडी, इतके उर्दू. इतके हिंदू, इतके मुसलमान (सोलापूर शहरात साधारण पाचातला एक). मग त्या टक्क्यांवरून ‘बहुभाषिक, बहुसांस्कृतिक सोलापूर’ असं एक कौतुकाचं वाक्य तयार होतं, आणि ते स्मरणिकांपासून पालकमंत्र्यांच्या भाषणापर्यंत फिरत राहतं. टक्के खोटे नसतात. पण ती माणसं एकमेकांशेजारी का येऊन बसली, हे त्या टक्क्यांत कुठेच नसतं. माझं म्हणणं असं, की सोलापूरची लोकसंख्या ही भाषांची बेरीज म्हणून वाचली तर चुकीची वाचली जाते. ती कामाच्या वहीसारखी वाचावी लागते: कोणतं काम निघालं, ते करायला कोण आलं, त्याला कुठे बसवलं आणि काम संपल्यावर त्याचं काय झालं.

१८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोहोचली आणि पुढची काही वर्षं ती तिथेच थांबली. आजूबाजूच्या काळ्या रानातला कापूस, पलीकडे निजामाचं राज्य, आणि अलीकडे मुंबईला जाणारे रूळ. १८७६ ते ७८ मध्ये दख्खनचा मोठा दुष्काळ पडला. ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग’, जिला पुढे सगळं गाव जुनी गिरणी म्हणू लागलं, तिचा जन्म १८७७ चा, म्हणजे ऐन दुष्काळातला. रानं ओसाड पडलेली, माणसं मिळेल त्या मजुरीला तयार, आणि गिरणीला हवे हात. नंतर नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी आली, विष्णू आली, जाम मिल आली. १९०१ साली ७५,२८८ वस्तीचं हे गाव २०११पर्यंत बारापटीच्या पुढे गेलं ते या क्रमाने. मोहोळ, बार्शी, मंगळवेढा, तुळजापूर इकडून आलेला मराठी शेतकरीही इथे आगंतुकच होता, हे सहसा कोणी बोलत नाही. मराठी माणूस मूळचा आणि बाकीचे आलेले, अशी सोयीची समजूत महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत असते. सोलापुरात ती टिकत नाही. या गावाचा सगळ्यात जुना मोठा आवाज बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचा, आणि त्यांची वचनं कानडीत आहेत. ज्या तळ्याच्या मधोमध आज मंदिर आहे, ते तळं त्यांनी लोकांकडून खोदून घेतलं अशी परंपरा सांगते. कानडी बोलणारा लिंगायत इथे सीमा ओलांडून आलेला नाही. सीमा १९५६ मध्ये आली, ती तयार गावाच्या बाजूने आखली गेली.

त्याही आधीची दुसरी एक सीमा लोक विसरले आहेत. नळदुर्ग, तुळजापूर, गुलबर्गा हे सगळं निजामाकडे होतं. सोलापूर म्हणजे इंग्रजी मुलखाचं टोक. करीमनगर, वारंगळ, नलगोंडा या भागांतले पद्मशाली विणकर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला इकडे येऊ लागले तेव्हा ते एका राज्यातून दुसऱ्या राज्यात येत होते. तिकडे दुष्काळ, वेठबिगार आणि सूत मिळण्याची मारामार. इकडे गिरण्या सूत काढत होत्या आणि बाजारात जाड्याभरड्या लुगड्यांना मागणी होती. गिरणीने हातमाग मारला, असं आपण शाळेत शिकतो. सोलापुरात गिरणीच्या सुतावर हातमाग वाढला. इतिहासकार डग्लस हेन्स यांनी पश्चिम भारतातल्या विणकरीवर लिहिताना हा भाग तपशिलाने दाखवला आहे: कारखानदार स्वतः पद्मशाली, त्याच्या छपराखाली माग मांडलेले, आणि त्या छपरातच राहणारी विणकर कुटुंबं. कारखानदाराकडून उचल घेतलेल्या या विणकराला म्हणत ‘आसामी’. नवरा मागावर, बायको कांड्या भरायला, पोरं हाताखाली. उचल फिटायची नाही, म्हणून माणूस हलायचा नाही. साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक हा जो ‘पूर्व भाग’ आज तेलुगू म्हणून ओळखला जातो, त्याच्या मुळाशी ही व्यवस्था आहे. माणसं भाषेच्या ओढीने एकत्र राहिली हे खरं, आणि उचलीने एकत्र बांधली गेली हेही तितकंच खरं. पहिलं कारण स्मरणिकेत येतं.

याच काळात इंग्रज सरकारने आणखी एक वस्ती शहराच्या कडेला आणून बसवली. ज्या जमातींना कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं, त्या पारधी, कैकाडी, भामटा अशा लोकांना तारेच्या कुंपणात डांबलं, हजेरी लावली आणि दिवसा गिरणीत कामाला धाडलं. एकीकडे ‘सुधारणा’, एकीकडे स्वस्त मजूर. १९५२ मध्ये तो कायदा गेला, तार निघाली. वस्तीला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. जनगणनेच्या तक्त्यात या लोकांची भाषा मराठी, धर्म हिंदू अशीच बहुधा नोंद होत असणार. त्यांना या गावात पोलिसांनी आणून बसवलं, याला रकाना नाही.

मुंबईशी तुलना केली की सोलापूरचा वेगळेपणा आणखी एका आकड्यातून दिसतो. २०११ मध्ये मुंबईत हजार पुरुषांमागे बायका साडेआठशेच्या आसपास होत्या. सोलापुरात साडेनऊशेच्या वर. मुंबईत गडी एकटा जायचा, खानावळीत जेवायचा, बायकापोरं कोकणात. सोलापूरला माणसं कुटुंबच्या कुटुंब उचलून आली, कारण इथल्या कामाला कुटुंबच लागायचं. विणकरीत बाईचा आणि पोराचा हात नसेल तर माग चालत नाही. पुढे हातमाग गेले, यंत्रमाग आले, चादर-टॉवेल आले (सोलापुरी चादरीला पुढे भौगोलिक मानांकनही मिळालं), तेव्हा कांड्या भरणाऱ्या बायकांचं काम आटलं, आणि त्या घरांत मोठ्या प्रमाणावर विडी शिरली.

विडीचं काम एकदा जवळून बघावं. पान आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. सकाळी उंबऱ्याशी उजेडात बसायचं, पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने पान कापायचं, मांडीवरच्या सुपातली तंबाखूची चिमूट पानावर पसरायची, एका वळणात गुंडाळी, दोऱ्याचे दोन फेरे, आणि तोंड आत दुमडून बंद. बोलता बोलता, पोराला हाक मारता मारता, नजर दारावर ठेवून. हजार विड्या म्हणजे दिवस. संध्याकाळी त्या कारखान्याच्या शाखेत नेऊन द्यायच्या. तिथला तपासणारा त्यातल्या काही बाजूला काढतो, त्यांचे पैसे नाहीत, आणि त्या विड्या परतही मिळत नाहीत. पान कमी भरलं, तंबाखू हलकी निघाली, तर तूट बाईच्या खात्यावर. १९६६च्या विडी-सिगार कामगार कायद्याने ही बाई रीतसर कामगार ठरली. तिच्याकडे कार्ड असतं, भविष्यनिर्वाह निधीचा नंबर असतो.

आता ही बाई जनगणनेत कशी उतरते ते पाहू. काम करणाऱ्यांचे तिथे चार खण: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले आणि इतर. ही घरात बसून वळते, तेव्हा तिची जागा घरगुती उद्योगात. उद्योग कसला? पान कारखान्याचं, तंबाखू कारखान्याची, छाप कारखान्याची. तिचा फक्त उंबरा. पुढचा रकाना स्थलांतराचा. का आलात, या प्रश्नाची उत्तरं ठरलेली आहेत: काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलवलं, कुटुंबाबरोबर आलो, इतर. तेलंगणातल्या सिरसिल्ल्याकडून लग्न होऊन सोलापूरला आलेली बाई ‘लग्न’ म्हणून नोंदली जाते. देशभरातल्या बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न आहे असं जे आपण दर दहा वर्षांनी वाचतो, त्यात हीही असते. पण सोलापूरला पोरगी द्यायची ती तिथे हाताला काम आहे म्हणून, आणि सोलापूरकडचा मुलगा सून आणताना तिचा हात किती चालतो हे विचारून घेतो, हे त्या घरांतल्या कोणालाही विचारलं तरी सांगतील. मजुरीसाठी झालेलं स्थलांतर अशा रीतीने मंगलाष्टकांखाली जातं आणि तक्ता म्हणतो, बायका कामासाठी फारशा हलत नाहीत.

भाषेच्या रकान्याचंही असंच. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलायची ती, अशी जनगणनेची व्याख्या आहे. त्यापुढे आणखी दोन येणाऱ्या भाषा लिहिता येतात. व्याख्या साधी आहे आणि सोलापुरात ती पहिल्याच दारात अडखळते. सासू तेलुगू, सून शिकली मराठी शाळेत, नातू इंग्रजी माध्यमात. घरात तिघं तीन तऱ्हांनी बोलतात आणि प्रगणकाला घरातला कर्ता पुरुष एका दमात ‘तेलुगू’ सांगून मोकळा होतो. शेजारचा मुसलमान ‘उर्दू’ लिहून देतो, बोलतो ती दखनी, जिच्यात मराठी आणि कानडी दोन्ही मुरलेल्या. कानडी घरातला किराणा दुकानदार हिशेब मराठीत लिहितो, वर्तमानपत्र मराठी वाचतो, आणि सिद्धेश्वराला हाक कानडीत मारतो. हे सगळे एकेका आकड्यात बसतात. आकडे छापून येतात. मग त्यांच्यावर राजकारण होतं.

सोलापुरात प्रत्येकाला तीन-चार भाषा येतात, हे अभिमानाने सांगितलं जातं. मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. येतात कुणाला? विडीवाल्या बाईला घरात तेलुगू, शाखेत मराठी नाहीतर हिंदी, वाण्याकडे मोडकी कानडी लागते, म्हणून येते. रिक्षावाल्याला येते, भाजीवालीला येते, हमालाला येते. रेल्वे लाइन्सकडे किंवा जुळे सोलापुरात वाढलेल्या मराठी घरातल्या मुलाला तेलुगूची चार वाक्यं येत नाहीत, आणि त्यावाचून त्याचं काही अडलेलंही नाही. बहुभाषिकता या शहराची सामाईक मालमत्ता आहे असं आपण बोलतो, पण तिची वर्गणी कोण भरतं हे पाहिलं तर ती बरीचशी खालच्या बाजूने गोळा होते. ज्याच्या हातात काम द्यायचं असतं त्याची भाषा ज्याला काम हवं असतं तो शिकतो. इतका साधा मामला आहे, आणि एवढ्यामुळे सोलापूरचं मोल कमी होत नाही; पण त्याला नुसतं मनाचा मोठेपणा म्हणून चालणार नाही.

असाच एक लाडका दाखला चार हुतात्म्यांचा. १९३०च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी दिली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान. भाषणाला यापेक्षा नेटकं काय हवं? खरोखरच त्या चौघांच्या नावांत गावाचा नकाशा आहे. पण नकाशात एक मोठा भाग कोरा आहे, हेही दिसायला हवं. यात पद्मशाली नाव नाही. त्यावरून तेलुगू माणूस चळवळीत नव्हता असा अर्थ काढणं मूर्खपणाचं ठरेल. सरकारने कुणाला पकडलं आणि कुणावर खटला उभा केला, यावरून ती यादी बनली. फाशीच्या यादीला शिरगणतीचा नमुना मानायचं, आणि मग त्या नमुन्यावरून एकोपा मोजायचा, ही आपली सवयच मला चमत्कारिक वाटते. ते चौघे मोठे आहेत ते स्वतःच्या कर्तृत्वाने. त्यांना आपापल्या जातीचे प्रतिनिधी म्हणून उभं करण्याने त्यांच्यात काही भर पडत नाही.

एकोप्याबद्दल बोलायचं तर मी संक्रांतीच्या गड्ड्याकडे, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेकडे बघेन. सात नंदीध्वज निघतात, उंचच उंच काठ्या, एकेक काठी एकाच माणसाने तोलायची आणि दमला की दुसऱ्याने झेलायची. त्या काठ्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे वंशपरंपरेने चालत आलेले. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात तेव्हा त्या गर्दीत सगळं गाव असतं. पण मानाची ही वाटणी बारकाईने पाहिली तर ती जुन्या गावाच्या बलुत्यांची वाटणी आहे. गिरणीच्या भोंग्यामागून जे आले, त्यांनी आपले उत्सव वेगळे मांडले: नारळी पौर्णिमेला पूर्व भागातून निघणारी मार्कंडेयाची रथयात्रा, अश्विनात बायकांचा बतकम्मा. गावाने ते अडवलं नाही, आणि सामावूनही घेतलं नाही. एकमेकांच्या मिरवणुकीला लोक रस्ता देतात, कधी सरबत वाटतात. एवढं जमणंही सोपं नसतं. शेजारधर्म म्हणून त्याची किंमत मोठी आहे. त्याला ‘संगम’ म्हणण्याचा मोह मात्र आवरावा.

राजकारणात ही जुळणी जास्त रोकडी होती. १९८० ते १९९८ या काळात सोलापूरने लोकसभेत गंगाधर कुचन, धर्मण्णा सादूल, लिंगराज वल्याळ अशी तेलुगू घरांतली माणसं लागोपाठ पाठवली. काँग्रेस असो की भाजप, उमेदवार पूर्व भागातला. महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे भाषिक अल्पसंख्य समाजाने जिल्ह्याच्या मुख्य जागेवर इतकी वर्षं असा ठसा ठेवला असेल, असं मला आठवत नाही. ते शक्य झालं कारण कुणाही एका गटाला एकट्याच्या बळावर निवडून येता येत नव्हतं, आणि कारण पद्मशाली कारखानदार-मागवाले-विडीवाल्या हा मतांचा जथा एका ठिकाणी राहत होता. पुढे मतदारसंघाची फेररचना झाली, २००९ पासून तो अनुसूचित जातींसाठी राखीव झाला, आणि गणितच बदललं.

बाहेरून मात्र सोलापूरकडे नेहमी एकाच रकान्यातून पाहिलं गेलं. १९६७ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने अक्कलकोट तालुका कर्नाटकाला द्यावा असं सुचवलं. २०२२च्या अखेरीस कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सोलापूर-अक्कलकोटवर हक्क सांगितला, इकडून तितक्याच त्वेषाने उत्तरं गेली. दोन्ही बाजूंच्या हातात मातृभाषेचे आकडे. कन्ना चौकातल्या माणसाने या भांडणात काय म्हणावं, याची दोन्हीकडे कुणाला फिकीर नव्हती. त्याच्या भाषेचं राज्य तिसरंच. आणि तेही किती वेळा बदललं! १९४० मध्ये करीमनगरजवळ जन्मलेली आजी जन्माने निजाम राज्यातली, मग आंध्र प्रदेशातली, २०१४ पासून तेलंगणातली. एवढी राज्यं बदलली, पण ती स्वतः आयुष्यात हलली ती एकदाच, सोलापूरला.

आता वाढीबद्दल. १९९१ मध्ये शहराची लोकसंख्या ६,०४,२१५ होती, २००१ मध्ये ८,७२,४७८. दहा वर्षांत चव्वेचाळीस टक्के! कुणी हा आकडा पाहून सोलापूर भरभराटीला आलं असं म्हटलं असतं तर गिरणगावात हशा झाला असता, कारण नव्वदच्या दशकातच लक्ष्मी-विष्णू बंद पडली आणि कामगार रस्त्यावर आले. वाढलं होतं ते क्षेत्र. १९९२ मध्ये आजूबाजूची गावं महापालिकेत घेतली आणि शहर सुमारे १७८ चौरस किलोमीटरचं झालं. त्या गावांना लोक आजही ‘हद्दवाढ भाग’ म्हणतात. घरपट्टी शहराची आणि पाण्याची रड खेड्याची, अशी तिथली जुनी तक्रार आहे. २००१ नंतरच्या दहा वर्षांत हद्द हलली नाही तेव्हा खरा वेग दिसला: नऊ टक्के. त्याच दशकात अख्खा महाराष्ट्र जवळपास सोळा टक्क्यांनी वाढला. जन्माला येणारी माणसं धरली तर याचा सरळ अर्थ, की येणाऱ्यांपेक्षा जाणारे जास्त.

ते कुठे जातात हे कुठल्याही संध्याकाळी सोलापूर स्थानकावर उभं राहिलं तर कळतं. पुण्याचं महानगर क्षेत्र त्या दशकात साडेसदतीस लाखांवरून पन्नास लाखांच्या पुढे गेलं. हडपसर, पिंपरी, चाकण. कारखाने, कॉल सेंटर, डिलिव्हरी, खासगी सुरक्षारक्षक. काही हैदराबादला जातात, पणजोबा जिकडून आले त्याच दिशेने, पण आता इंग्रजीच्या बळावर. शहर ज्या कामांसाठी माणसं ओढून घेत होतं, ती कामं संपत आली. चादरीचा धंदा यंत्रमागांवर आणि पानिपतच्या स्वस्त मालाच्या टकरीत कसाबसा उभा. तंबाखूविरोधी कायदे आणि बदलती सवय यांनी विडी वर्षागणिक आकसते आहे. त्याबद्दल आरोग्याच्या बाजूने हळहळण्याचं कारण नाही, पण त्या बायकांसाठी दुसरं काय, याचं उत्तर कुणी तयार ठेवलेलं नाही. पोरी आता वळायला बसत नाहीत. आयांनाच त्या बसायला नको आहेत.

याचा भाषांवर काय परिणाम होतो हे आकड्यांत उशिरा दिसेल. महापालिकेने एकेकाळी मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा चार माध्यमांच्या शाळा चालवल्या. गरीब घरातल्या मुलाला आपल्या भाषेत अक्षरओळख व्हावी, एवढी साधी तरतूद होती ती, आणि मोठ्या शहरांनाही न जमणारी. आज पूर्व भागातला बाप मुलाला इंग्रजी माध्यमात घालतो, नाही परवडलं तर मराठीत. तेलुगू लिहिता-वाचता येणाऱ्यांची पिढी म्हातारी होत आहे. बोलणं उरेल, लिपी जाईल. तेलुगू घराघरांत एक चांगली घट्ट भाषा म्हणून टिकली ती सगळे एकाच गल्लीत, एकाच धंद्यात होते म्हणून. कुंभारीच्या माळावर ड्रॉ निघून मिळालेल्या घरांत शेजारी ठरलेला नसतो. तिथे तेलुगू बाईच्या एका भिंतीला मुसलमान विडीवाली, दुसऱ्या भिंतीला मराठी. साखर पेठेत शंभर वर्षांत झाली नाही इतकी सरमिसळ त्या माळावर सोडतीने करून टाकली आहे. तिथली पोरं खेळताना कोणत्या भाषेत भांडतात, याचा कुणी नीट अभ्यास करावा.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे, आणि १९३१ नंतर पहिल्यांदा सगळ्या जातींची नोंद तिच्यात होणार आहे. सोलापुरात त्यावर चर्चा सुरू झाली आहे ती अपेक्षेप्रमाणे: आमचे किती भरणार. पद्मशाली महाराष्ट्रात विशेष मागास प्रवर्गात येतात, लिंगायतांचे पोटभेद आपापला आकडा शोधत आहेत, विमुक्तांना, म्हणजे ‘सेटलमेंट’मधल्या त्या जमातींना, तर आपण किती आहोत हे आजवर कुणी मोजूनच दिलेलं नाही. या मोजणीची गरज आहे असं माझं मत आहे. ज्याला आकडा नाही त्याला अंदाजपत्रकात जागा नाही. पण जातीच्या रकान्याशेजारी धंद्याचा, भाषेचा आणि राहत्या जागेचा रकाना ठेवून तो तक्ता वॉर्डनिहाय कुणी वाचणार आहे का, हा खरा प्रश्न आहे. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी सोलापूर शहराचा जो सामाजिक-आर्थिक अभ्यास केला, तो १९६५ साली पुस्तकरूपाने आला. माग किती, घर केवढं, कर्ज किती, खाणारी तोंडं किती, हे एकाच कुटुंबाबद्दल एकत्र विचारण्याची ती पद्धत होती. तसं काम नंतर या शहरावर क्वचितच झालं. साठ वर्षं आपण त्या शहराच्या टक्क्यांवर भागवत आलो आहोत.

रे नगरात रस्ता, पाणी, शाळा कोणी द्यायची, ग्रामपंचायतीने की महापालिकेने, यावर खल होत राहील. पुन्हा हद्दवाढ झाली तर सोलापूर एका रात्रीत दहा लाखांच्या पलीकडे जाईल आणि पाट्या बदलतील. तेवढ्यात पुण्यात भाड्याच्या खोलीत राहणारा पूर्व भागातला पोरगा तिथल्या प्रगणकाला मातृभाषा तेलुगू, मूळ जिल्हा सोलापूर, येण्याचं कारण काम, असं सांगून मोकळा होईल. त्याच्या खोलीतला बार्शीचा मित्रही भाषा सोडली तर तेच सांगेल.